संभाजीनगर ते नांदेड विमानाने : अंतर, वेळ आणि मी मारलेली एक चुकीची फुली



आजचा पाठ सहावीच्या वर्गासाठी आहे. घटक तसा जुनाच : अंतर, चाल आणि वेळ. पण या एका घटकात तीन विषय एकत्र येतात. अक्षवृत्ते-रेखावृत्ते भूगोलात असतात, चाल विज्ञानात असते आणि भागाकार गणितात. आपण तिन्ही वेगवेगळ्या तासांना शिकवतो आणि मुलांनी ते आपोआप जोडावेत अशी अपेक्षा करतो. मुलं जोडत नाहीत. म्हणून मी एकच उदाहरण घेऊन ते तीन दिवस चालवलं. त्यात माझी एक चूकही झाली, तीसुद्धा खाली लिहिली आहे, कारण खरा पाठ त्या चुकीतूनच पुढे गेला.

उदाहरण निवडलं ते मराठवाड्यातल्या दोन विमानतळांचं. एक छत्रपती संभाजीनगरचं चिकलठाणा विमानतळ आणि दुसरं नांदेडचं श्री गुरु गोबिंद सिंघजी विमानतळ. आमच्या बीड जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. रेल्वेसुद्धा बीड शहरात आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी. त्यामुळे विमान म्हटलं की मुलं डोक्यावरून जाणारी पांढरी रेघ दाखवतात. तिथूनच सुरुवात केली.

पाठाची उद्दिष्टे

१. नकाशावरील अक्षांश-रेखांशांवरून दोन ठिकाणांमधील सरळ अंतर काढता येणे.
२. अंतर आणि चाल दिली असता वेळ काढता येणे व ती तास-मिनिटांत लिहिता येणे.
३. चालता वेग आणि सरासरी वेग यांतील फरक समजणे.

(पुस्तकात 'चाल' हा शब्द आहे, बोलताना आपण 'वेग' म्हणतो. वरच्या वर्गांत या दोन शब्दांचा अर्थ वेगळा होतो, पण सहावीत मी दोन्ही चालू दिले.)

साहित्य : चौकटीचा कागद, पट्टी, दोरा, महाराष्ट्राचा नकाशा आणि दोन मोसंबी.

पहिला दिवस : सरळ अंतर

सुरुवातीला मुलांनी नकाशावर संभाजीनगरवर दोऱ्याचं एक टोक धरलं आणि दुसरं नांदेडवर ताणलं. मग तोच दोरा रस्त्याच्या वळणांवरून फिरवला. दोरा पुरला नाही. रस्ता गावं धरत जातो, नदीवर पूल असेल तिथंच नदी ओलांडतो. विमानाला यातलं काही लागत नाही. ताणलेला दोरा म्हणजे विमानाचं अंतर, हे न सांगता कळलं.

आता ते किलोमीटरमध्ये काढायचं. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश फळ्यावर लिहिले :

संभाजीनगर : १९.८६ उत्तर, ७५.४० पूर्व
नांदेड : १९.१८ उत्तर, ७७.३२ पूर्व

वजाबाकी केली. उत्तर-दक्षिण फरक ०.६८ अंश, पूर्व-पश्चिम फरक १.९२ अंश.

एक अंश म्हणजे किती किलोमीटर? उत्तर-दक्षिण दिशेने सुमारे १११. हा आकडा पाठ करून घेण्याऐवजी तो कुठून येतो ते सांगावं. एका अंशाचे ६० मिनिटे असे भाग असतात. अक्षांशाच्या एका मिनिटाएवढं अंतर म्हणजे एक सागरी मैल, तो १.८५२ किलोमीटरचा असतो. ६० ला १.८५२ ने गुणा, १११ मिळतात. जहाज आणि विमान चालवणारे आजही सागरी मैलातच मोजतात. त्यांचा 'नॉट' म्हणजे तासाला एक सागरी मैल.

पूर्व-पश्चिम दिशेने मात्र हा आकडा जागेनुसार बदलतो. इथे मोसंबी कामाला आली. सोललेल्या मोसंबीची फोड मध्यभागी रुंद असते आणि दोन्ही टोकांना निमुळती होत मिटते. दोन रेखावृत्तांमधली पट्टी अगदी तशीच. विषुववृत्तावर एका अंशाला १११ किलोमीटर, ध्रुवावर शून्य. आपल्या मराठवाड्यात सुमारे १०५. (पाठ संपल्यावर फोडी वाटल्या, हे सांगायला नकोच.)

उत्तर-दक्षिण : ०.६८ × १११ = सुमारे ७५ किमी
पूर्व-पश्चिम : १.९२ × १०५ = सुमारे २०२ किमी

पायथागोरसचं प्रमेय सहावीत नाही, पण त्याची गरजही नाही. चौकटीच्या कागदावर १ सेंटिमीटरला २० किलोमीटर हे प्रमाण घेतलं. संभाजीनगरचा ठिपका दिला. तिथून उजवीकडे सुमारे १०.१ सेंटिमीटर आणि खाली पावणेचार सेंटिमीटर गेलं की नांदेड. दोन ठिपके जोडून पट्टीने मोजलं. बहुतेकांचं उत्तर १०.७ ते १०.८ सेंटिमीटर आलं, म्हणजे सुमारे २१५ किलोमीटर. पृथ्वी गोल असली तरी एवढ्या छोट्या अंतराला सपाट कागद चालून जातो.

त्याच कागदावर मुलांनी स्वतःहून आपलं बीड मांडायला मागितलं. बीड म्हणजे सुमारे १८.९९ उत्तर, ७५.७६ पूर्व. संभाजीनगरच्या खाली जवळपास पाच सेंटिमीटर आणि उजवीकडे दोनाच्या आत. ठिपका दिल्यावर दिसलं की विमानाची रेषा परतूर, सेलू, परभणीच्या बाजूने जाते. बीड शहरापासून ती जवळजवळ ७७ किलोमीटर लांब राहते, आपल्या जिल्ह्याला शिवतसुद्धा नाही. "म्हणजे ते विमान आपल्या डोक्यावरून बी जाणार नाही," असं मागच्या बाकावरून आलं. बरोबरच होतं.

दुसरा दिवस : वेळ

छोट्या विमानतळांवर पंख्याची विमानं येतात. त्यांतलं एटीआर-७२ हे विमान वर स्थिरावल्यावर ताशी सुमारे ५०० किलोमीटर जातं. आता २१५ ला ५०० ने भागायचं. उत्तर येतं ०.४३ तास.

शिक्षकांनो, इथे थांबा. माझ्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी "४३ मिनिटे" असं लिहिलं. ०.४३ तास म्हणजे ४३ मिनिटे नव्हेत, कारण तासाचे भाग शंभर नसून साठ आहेत. ही चूक दशांश आणि तास एकत्र आले की हमखास होते. त्यावर उपाय म्हणून मी भागाकार बाजूला ठेवला आणि एकमान पद्धत घेतली :

५०० किमी जायला ६० मिनिटे
१०० किमी जायला १२ मिनिटे
२०० किमी जायला २४ मिनिटे
उरलेले १५ किमी जायला सुमारे २ मिनिटे
एकूण सुमारे २६ मिनिटे

या पद्धतीत मुलं चुकत नाहीत, कारण प्रत्येक पायरी त्यांना डोळ्यांपुढे दिसते. नंतर ०.४३ ला ६० ने गुणून तेच उत्तर येतं हे दाखवलं.

मग ताळा करायला खऱ्या वेळापत्रकाकडे गेलो. संभाजीनगर ते मुंबई सरळ अंतर सुमारे २८० किलोमीटर आहे. मोठं जेट विमान ताशी ८०० ने जातं असं धरलं तर २१ मिनिटे येतात. पण वेळापत्रकात हे उड्डाण साधारण एक तासाचं असतं. मग उरलेली ३९ मिनिटे गेली कुठे? मुलांना हा प्रश्न फार आवडला. आम्ही काढलेली उत्तरं अशी :

वेळापत्रकातली वेळ विमान उभ्या जागेवरून हलतं तेव्हा सुरू होते आणि दुसऱ्या विमानतळावर उभ्या जागी थांबल्यावर संपते. धावपट्टीपर्यंत हळूहळू जाणं आणि आपला नंबर येईपर्यंत थांबणं हेही त्यात आलं.

विमान सुटल्या सुटल्या ८०० च्या वेगाला जात नाही. दहा हजार फुटांच्या खाली साधारणपणे २५० नॉटची, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटरची मर्यादा असते. जवळच्या प्रवासात वर चढणं संपतं न संपतं तोच खाली उतरणं सुरू होतं.

विमान शक्यतो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उडतं आणि उतरतं. चिकलठाण्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून असताना नांदेडला जाणारं विमान आधी पश्चिमेकडे उडेल आणि मग वळून पूर्वेला येईल. सरळ रेषा ही फक्त आपल्या कागदावर असते.

शिवाय मुंबईसारख्या गर्दीच्या ठिकाणी उतरायला जागा मिळेपर्यंत घिरट्या घालाव्या लागतात, तो वेळ वेगळा.

हे सगळं धरून आम्ही संभाजीनगर-नांदेड उड्डाणाला २६ मिनिटांऐवजी सरळ एक तास धरायचं ठरवलं. केंद्र सरकारची 'उडान' योजना सुरू झाली तेव्हा विमानाच्या सुमारे ५०० किलोमीटरच्या प्रवासाला एक तास धरून २५०० रुपये भाड्याची मर्यादा ठेवली होती. २७ एप्रिल २०१७ ला त्या योजनेतली जी पहिली उड्डाणं सुटली, त्यांत नांदेड-हैदराबाद हे एक होतं. म्हणजे नांदेडचं विमानतळ त्या योजनेत अगदी पहिल्या दिवसापासून आहे, हे मुलांना सांगितल्यावर त्यांना आपल्या भागाचा अभिमान वाटला.

माझी फुली

दुसऱ्या दिवशी घरी करायला एक उदाहरण दिलं होतं : "संभाजीनगर ते नांदेड विमानाचे अंतर २१५ किमी आहे. विमानाची चाल ताशी ५०० किमी आहे. तर आपल्याला नांदेडला पोहोचायला किती वेळ लागेल?"

वह्या तपासताना एका मुलीचं उत्तर दिसलं : साडेसहा तास. खाली काही आकडे होते, ते मी नीट वाचले नाहीत. तीस वह्या उरल्या होत्या. फुली मारली आणि पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन टेबलाजवळ आली. "मॅडम, आपल्याला म्हणल्यावर आपण हितून जाणार ना? मग आधी संभाजीनगरला जावं लागंल की."

तिने लिहिलं होतं :

बीडहून एसटी : ३ तास
रिक्षा : अर्धा तास
विमानतळावर बसून : दीड तास
विमान : १ तास
नांदेडात उतरून गावात : अर्धा तास
एकूण : साडेसहा तास

विमानतळावर आधी जाऊन थांबावं लागतं हे मीच वर्गात सांगितलं होतं. बीड-संभाजीनगर सुमारे १३० किलोमीटर आहे, तिने धरलेले तीन तास योग्यच. 'आपल्याला' हा शब्दसुद्धा माझाच. उदाहरणात 'विमानाला किती वेळ लागेल' असं लिहायला हवं होतं. तिने प्रश्न जसा लिहिला होता तसाच वाचला आणि बरोबर सोडवला.

मी तिला विचारलं, थांबायचा वेळ धरायचा हे तुला कसं सुचलं? ती म्हणाली, "आम्ही कारखान्याला जाताना धरतो की."

तिचे आई-वडील ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या आसपास कोल्हापूरकडच्या एका कारखान्यावर ट्रॅक्टर निघतो. मागच्या वर्षी ते संध्याकाळी सहाला निघाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला पोचले. वाटेत टोळीतल्या दुसऱ्या गावच्या लोकांसाठी थांबले, मग जेवायला, मग एक चाक पंक्चर झालं. गावातून कोयते निघतात तेव्हा अंतर किलोमीटरमध्ये कुणी विचारत नाही, किती रात्री लागतील ते विचारतात. ही मुलगी त्या हिशेबात वाढली आहे. मला डी.एड.ला वेळ-अंतराचं सूत्र शिकवलं होतं, उभ्या गाडीचा वेळ मात्र त्यात कुठे नव्हता.

तिच्या वहीतली फुली मी तिथल्या तिथे खोडली, बरोबरची खूण केली आणि बाजूला लिहिलं, "प्रश्न माझा चुकला." आणि तिसऱ्या दिवसाचा तास तिच्याच उदाहरणावर घेतला.

तिसरा दिवस : चालता वेग आणि सरासरी वेग

आधी ट्रॅक्टर. रस्ता ३५० किलोमीटर धरला. एकूण वेळ १८ तास, त्यातले ४ तास गाडी उभी.

चालता वेग : ३५० ÷ १४ = ताशी २५ किमी
सरासरी वेग : ३५० ÷ १८ = ताशी सुमारे १९ किमी

गाडी एकच, रस्ताही एकच, पण वेग दोन निघाले. कोणता खरा? दोन्ही. ट्रॅक्टर कसा पळतो ते विचारलं तर पहिला, मुलं कधी पोचतील ते विचारलं तर दुसरा. एवढं वर्गाला लगेच पटलं, कारण त्यातल्या कितीतरी जणांनी तो प्रवास केला आहे.

मग विमान. बीड ते नांदेड सरळ रेषेत सुमारे १६५ किलोमीटर, आपल्या कागदावर सव्वाआठ सेंटिमीटर. मुलीच्या हिशेबाने विमानाने जायला साडेसहा तास.

१६५ ÷ ६.५ = ताशी सुमारे २५ किमी

पाचशेच्या वेगाच्या विमानात बसूनही बीडचा माणूस नांदेडकडे ट्रॅक्टरच्या चालीने सरकतो. वर्गात हशा पिकला. मी हिशेब पुन्हा तपासायला लावला, उत्तर तेच आलं.

आता थेट एसटी. बीड-नांदेड रस्ता दोनशे किलोमीटरच्या वर आहे. हिशेबाला २२० किलोमीटर आणि ताशी ४० धरले, तर साडेपाच तास. आता मुलीच्या यादीतून विमानाचा एक तास वजा करा. तेही साडेपाच तास. म्हणजे विमानाने जाणारा जमिनीवरच जेवढा वेळ घालवतो, तेवढ्यात एसटीवाला नांदेडला पोचून चहा घेतोय.

मग विमान निरुपयोगी का? अजिबात नाही. हाच हिशेब दिल्लीसाठी केला. संभाजीनगर ते दिल्ली सरळ अंतर सुमारे ९८० किलोमीटर, उड्डाणाला दोन तास धरा. जमिनीवरचे साडेपाच तास तेच राहतात. एकूण साडेसात. रस्त्याने सुमारे १३०० किलोमीटर ताशी ५० ने गेलं तर २६ तास. नांदेडला विमानाने एक तास जास्त लागत होता, दिल्लीला तेच विमान साडेअठरा तास वाचवतं. जमिनीवरचा वेळ जवळपास ठरलेला असतो, अंतर वाढलं तरी तो वाढत नाही. म्हणून लांबच्या प्रवासाला विमान परवडतं आणि जवळच्या प्रवासाला ते कामाचं की नाही, हे तुमचं घर विमानतळापासून किती लांब आहे त्यावर ठरतं. चिकलठाण्याजवळ राहणाऱ्याचे एसटीचे तीन तास वाचतात, त्याचं गणित आपल्यापेक्षा वेगळं येईल. विमानतळ कुठे असावं, रेल्वे कुठून जावी यावर मोठी माणसं का भांडतात, हे सहावीतल्या मुलांना या एका वजाबाकीतून कळलं.

सरावासाठी प्रश्न

१. संभाजीनगरहून नांदेडला जाताना समोरून ताशी ५० किमी वारा असेल तर विमानाचा जमिनीवरून वेग ४५० होतो. २१५ किमीला किती मिनिटे लागतील? मागून तेवढाच वारा असेल तर? (उत्तरे : सुमारे २९ आणि सुमारे २३ मिनिटे)
२. ०.७५ तास, ०.२ तास आणि १.१ तास यांची मिनिटे करा. (उत्तरे : ४५, १२, ६६)
३. तुमच्या गावाहून तालुक्याच्या गावाला जायला एकूण किती वेळ लागतो? त्यात गाडीची वाट पाहण्याचा वेळ किती? दोन्ही वेग काढा.
४. बीडहून दिल्लीला विमानाने जाणाऱ्याचा बराचसा वेळ जमिनीवर जातो. साडेसात तासांपैकी तो कितवा भाग आहे? (उत्तर : पंधरापैकी अकरा भाग)

शिक्षकांसाठी दोन गोष्टी

उदाहरण लिहिताना वेळ कुणाची विचारतोय ते स्पष्ट लिहा : विमानाची, एसटीची, की माणसाची. आणि उत्तर चूक वाटलं तर फुलीआधी खालचे आकडे वाचा. वह्यांचा गठ्ठा मोठा असतो, मला माहीत आहे. पण ज्या मुलांचं अर्धं वर्ष कारखान्यावर जातं, त्यांना शाळेतलं आपलं उत्तर चुकीचं असतं याची सवय आधीच असते. ती मुलगी वही घेऊन टेबलाजवळ आली म्हणून मला कळलं. प्रत्येक मूल येत नाही.

पालकांसाठी

पुढच्या प्रवासाला निघाल की मुलांच्या हातात कागद-पेन द्या. निघालेली वेळ, गाडी थांबलेली वेळ, पोचलेली वेळ एवढंच लिहायला सांगा. प्रवास लग्नाचा असो, बाजाराचा असो की उसाच्या फडाचा, चालतो. यंदा दिवाळीनंतर जी मुलं हंगामी वसतिगृहात राहतील त्यांच्याकडून मी आई-वडिलांच्या प्रवासाचा हिशेब फोनवर विचारून लिहून घेणार आहे. जी सोबत जातील त्यांना कोरी वही देणार आहे. चैत्रात परत आली की तिथूनच पुढचा पाठ सुरू करू.